कोपऱ्यातलं पॅनेल

ता. २, सोमवार

वहिनीनं ही वही हातात दिली. म्हणाली, "भाऊजी, राग आला की यात लिहा. माझी भांडी तरी वाचतील." काल मी पातेल्यावर झाकण आपटलं, त्याचा टवका उडाला. कारण नेहमीचंच. दादा. मी कॉलेज मध्येच सोडल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. बोलायचंच झालं तर वहिनीमार्फत बोलतो, मी समोर बसलेला असताना. "त्याला सांग, पंखा बंद कर." मी म्हणालो, "वहिनी, त्याला सांग, मला ऐकू येतं." मग झाकण.

कॉलेज का सोडलं ते इथं लिहिणार नाही. ज्या सरांशी भांडलो ते अजून तिथंच आहेत आणि मी इथं आहे, एवढं पुरे.

चांगली बातमी अशी की मला ऊर्जा संशोधन संस्थेचं काम मिळालं. त्यांच्या छतावरची सौर पॅनेलं धुवायची. चौदा तारखेला तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंचा सत्कार आहे, जन्मभर सौरऊर्जेवर संशोधन केलं म्हणून. भाषणं झाली की पाहुणे छत बघायला वर येणार, तेव्हा सगळं लखलखायला हवं. माझ्या धंद्याला अजून वर्षही झालं नाही. भांडवल म्हणजे शिडी, बादल्या, लांब दांड्याचा मऊ ब्रश, नळी, रबरी पात्याचं पुसणं आणि शेवटच्या हातासाठी क्षार काढलेल्या पाण्याचे कॅन. लोकांना वाटतं, काच धुवायला अक्कल कशाला लागते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओता, मग कळेल कशाला लागते ते.

संस्थेच्या मॅनेजरला माझा दर एवढा कमी का ते समजेना. तो मला अडलेला समजला. समजू दे. समोरच्या बँकेचं छत मी धुतो, तिथून संस्थेचं छत दिसतं, आणि त्या छतावर एक मुलगी मुठीएवढं यंत्र आकाशाकडे धरून उभी असते. हे मॅनेजरला काय सांगायचं?

वहिनीला मी फक्त काम मिळालं एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "काय करते ती तिथं?"

ता. ३, मंगळवार

छत बघून आलो. आधी तिच्याविषयी लिहितो, नाहीतर बाकीचं सुचायचं नाही.

ती बाईंची संशोधक विद्यार्थिनी. ऊन मोजायचं यंत्र ती जेवतानाही हातातून सोडत नाही, म्हणून संस्थेत तिला सगळे 'मीटर' म्हणतात. मला बघून म्हणाली, "तुम्ही बँकेवरचे ना? काम करताना गाता." मी म्हणालो, हो. "बेसूर गाता," ती म्हणाली. एवढ्या महिन्यांनी पहिलं बोलणं, आणि त्यात हे. मी पायऱ्या उतरायला लागलो तर मागून हाक मारून तिनं एक टोपी दिली. "उन्हात मोकळं डोकं बरं नाही. संस्थेची आहे, जास्तीची." म्हणजे संस्था कामगारांना टोप्या वाटते. चांगली पद्धत आहे.

मग बाईंच्या खोलीत गेलो. बुटक्या, आखूड केसांच्या, आवाज मात्र छतावरून ऐकू येईल असा. संचालक समोर उभे होते, हातात मानपत्राचा मसुदा.

"पुढच्या वर्षी करा ना," बाई म्हणत होत्या.

"बाई, पत्रिका वाटून झाल्या."

"मग माझी तब्येत बिघडली म्हणून सांगा."

"गेल्या वर्षी तेच सांगितलं. आता लोक भेटायला येतील."

बाईंनी मसुदा न वाचताच परत केला. लोक सत्कारासाठी लाळ गाळतात आणि ह्या बाई अशा वागतात की कुणी त्यांना फासावर चढवतंय. मोठी माणसं नखरे करतात ते असे. मला बघून म्हणाल्या, "तू धुणारा का? जपून धू." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

बाहेर आल्यावर मीटरनं बाईंचं काम काय ते सांगितलं. फार वर्षांपूर्वी पॅनेलं नवीन होती तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिलेलं असायचं, दर आठवड्याला पाण्यानं धुवा. कोरड्या भागात लोक प्यायचं पाणी डोक्यावरून आणायचे आणि शाळेच्या, दवाखान्याच्या छतावर ओतायचे. बाई गावोगाव राहिल्या, धूळ मोजली, आणि सांगितलं, गरज नाही. कोरड्या फडक्यानं पुसा, वर्षातून एकदोनदा धुवा, बाकी पाणी प्या. हजारो छतांनी ते ऐकलं.

म्हणजे ज्या बाईंचा सत्कार आहे त्यांनी जन्मभर लोकांना पॅनेलं धुऊ नका म्हणून सांगितलं, आणि माझं पोट पॅनेलं धुण्यावर. मी हे बोलून दाखवलं तर मीटर इतकी हसली की हातातलं यंत्र पडता पडता राहिलं.

रात्री वहिनीनं टोपी धुवायला घेतली. आतून केसांची एक पिन निघाली. "संस्था पिना लावते वाटतं?" म्हणाली. वहिनीला कशातही काहीतरी दिसतं.

ता. ४, बुधवार

शिडीच्या पायांना नवं रबर बसवलेलं आहे. जुनं झिजून शिडी सरकत होती. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला विचारता, मला पाना धरता येतो का?" मग काय शेजारी येऊन बसवून गेले? दादा संध्याकाळी हाताला काळं लागलेलं घासत बसला होता. त्याच्या कचेरीत असलं कसलं काम असतं कोण जाणे.

ता. ५, गुरुवार

आजचं काम धंद्यातलं आतापर्यंतचं उत्तम काम. सविस्तर लिहितो.

सकाळी काच गार असतानाच वर गेलो. रांगेतली पॅनेलं साधारण मळलेली होती, रोजचीच धूळ. नळी जोडत होतो तोच मीटर धावत वर आली. "एक सांगायचं राहिलं, ते कोपऱ्यातलं आहे ना—"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बेसूर म्हणाली तेही आठवलं. म्हणालो, "कोपरे कसे धुवायचे ते मला ठाऊक आहे. धंदा माझा आहे."

"अहो, ऐकून तर घ्या—"

मी पाणी सुरू केलं. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही हा या धंद्याचा एक फायदा. तेवढ्यात खालून संचालकांनी तिला हाका मारल्या, सभागृहातल्या खुर्च्या की काय ते. ती पायरीवर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. दिवसभर वर आली नाही. रुसली असेल.

रांग झाली. मग कोपऱ्यात गेलो. तिथं एकच पॅनेल रांगेपासून वेगळं उभं होतं, आणि त्याची दशा बघून माझं डोकं फिरलं. त्यावर वर्षानुवर्षं कुणाचा हातच फिरला नव्हता. खालच्या काठाला मातीचा थर सिमेंटसारखा घट्ट. पक्ष्यांनी तर त्याला आपलंच समजलेलं. माझ्याआधी ज्यानं कुणी हे छत धुतलं असेल त्यानं सोपी सोपी धुऊन पैसे घेतले आणि ह्याला वाळीत टाकलं. मी त्या न पाहिलेल्या माणसाला मोठ्यानं शिव्या घातल्या.

मग हळूहळू लागलो. ओली फडकी घड्या करून थरावर ठेवायची, मुरू द्यायची, बोटानं सोडवायचं, परत ठेवायची. ब्रश लावलाच नाही, ओरखडा उठला असता. दुपार तिथंच गेली. जेवायचं राहिलं. शेवटचं पाणी पुसून काढलं तेव्हा काचेत माझं तोंड दिसलं आणि मागं अख्खं आभाळ.

उद्या मीटर वर येईल तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होणार आहे.

ता. ६, शुक्रवार

बघितलं तोंड.

ती वर आली, रांगेवरून नजर टाकत हसली, मग कोपऱ्याकडे वळली आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. खाली बसली ती, ओल्या छतावर.

"तू मूर्ख आहेस का?" म्हणाली. ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली, ते ह्या वाक्यात.

ते पॅनेल बाईंनी मुद्दाम न धुता ठेवलेलं होतं. वीसबावीस वर्षं. रांगेतलं एक त्याचं जुळं भावंड आहे, त्याच दिवशी बसवलेलं, नेमानं धुतलेलं. दोघांच्या विजेचे आकडे बाई दर महिन्याला लिहितात. एवढं जुनं धुळीचं पॅनेल म्हणे जगात दुसरं नाही, लांबलांबचे लोक बघायला येतात. चौदा तारखेला पाहुणे छतावर येणार ते ह्याच्यासाठीच. भोवती दोरी असायची, ती कठड्याच्या रंगाऱ्यांनी काढून ठेवली.

"मी सांगायला आले होते," ती म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली होती. बाई परगावी गेल्यात, सोमवारी येणार. ती म्हणाली, आल्या की लगेच सांगायचं. मी म्हणालो, तेवढा सोमवारपर्यंत वेळ दे. "वेळ घेऊन काय करणार?" तिनं विचारलं. मला तरी कुठं माहीत होतं.

तिनं डबा उघडून अर्धा माझ्यापुढं सरकवला. जास्त झालाय म्हणाली. कालही जास्त झाला होता म्हणे, पण मी काम करत होतो म्हणून ठेवून दिला. हिच्या घरी कुणाला अंदाजच नाही. मी खाल्लं.

ता. ७, शनिवार

एक युक्ती केली. लिहायची लाज वाटते, पण ही वही राग आणि लाज दोन्हीसाठी आहे असं धरून चालतो.

धूळ परत घालायची. दुसरीकडची नाही, त्याच छतावरची, म्हणजे खरीच. पाण्याच्या टाकीचं झाकण, कठड्याच्या मागची बाजू, पायऱ्यांवरचा माळा, जिथं जिथं जुनी धूळ बसली होती तिथून ब्रशनं गोळा केली. वहिनीची पीठ चाळायची चाळणी पिशवीत घालून नेली होती. काचेवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला आणि वरून चाळायला लागलो.

मीटर केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. बराच वेळ बघत होती.

"केकवर साखर टाकतोयस असं वाटतं," म्हणाली.

"मदत करायची नसेल तर जा."

ती गेली नाही. मी कठड्याला शिडी टेकवून वरच्या काठाला चाळत होतो तर तिनं माझ्या पायाशी शिडी धरली. "बाईंना एका नजरेत कळेल," ती म्हणाली. "पण पडून मरू नकोस. तेवढ्यासाठी आलेय."

सत्कारात अपघात नको म्हणून. बरोबरच आहे तिचं.

घरी आलो तर वहिनी चाळणी शोधत होती. दिली. तिनं उजेडाकडे धरून बघितली, मग माझ्याकडे. "भाऊजी, ह्यात मी आता काय चाळू?" दादा आतून म्हणाला, "त्याला विचार, काही झालंय का." वहिनीनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उठून झोपायला गेलो.

ता. ९, सोमवार

बाईंना एका नजरेत कळलं.

सकाळी आल्या आल्या, प्रवासाची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, त्या छतावर आल्या. मीटर आणि मी दोघं उभे. त्या कोपऱ्याशी गेल्या, वाकल्या, चष्मा कपाळावर चढवला.

"ही धूळ कुणी घातली?"

मी म्हणालो, "इथलीच आहे."

"इथलीच असेल. पण वाऱ्यानं आणलेली धूळ वर पातळ बसते आणि खाली जाड. ही सगळीकडे सारखी आहे, पोळपाटावर पीठ टाकल्यासारखी. आणि पक्षी? एवढी वर्षं रोज येत होते, आता काय रजेवर गेले?"

मीटर मध्येच म्हणाली, "बाई, चूक माझी आहे. मी त्याला नीट सांगितलं नाही."

माझं डोकं परत भडकलं. उपकार नकोत मला कुणाचे. म्हणालो, "ती सांगत होती, मी ऐकलं नाही. मी पाणी सोडलं. गुरुवारी अख्खी दुपार घालवून मीच धुतलं, आणि शनिवारी मीच धूळ घातली. हिनं फक्त शिडी धरली." बोलून झाल्यावर वाट बघत राहिलो. त्यांनी थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाई म्हणाल्या, "बसायला काही आहे?" मी बादली उपडी करून दिली. त्या बसल्या. पिशवी मांडीवर. मग म्हणाल्या, "निघालं सगळं? खालच्या काठाचंसुद्धा?"

"निघालं. ब्रश नाही लावला. मुरवून मुरवून काढलं."

"मी दर वर्षी ठरवायचे," त्या म्हणाल्या, माझ्याशी की मीटरशी कळलं नाही. "यंदा धुवायचं. खरं म्हणजे दहा वर्षांतच धुवायचं होतं, प्रयोगच तेवढा होता. मग म्हणायचे, अजून एक उन्हाळा जाऊ दे. लोक म्हणायचे, केवढी चिकाटी. चिकाटी कसली."

"मग काय?" मीटरनं विचारलं.

"भीती, अगं. थराखाली पॅनेल तापतं. तापलं की आतून जळू शकतं, ते वरून दिसत नाही. मी हजारो लोकांना सांगून बसले, धूळ राहू दे, धुतलं की परत पहिल्यासारखं होतं. शाळा, दवाखाने, पंप. दोनचार महिन्यांच्या धुळीचं मी मोजलंय. पण माणसं आळशी असतात, माझं नाव सांगून वर्षं वर्षं धूत नाहीत. त्यांचं काय झालं असेल? ते ह्या कोपऱ्यातल्याला माहीत होतं. आणि मी त्याला विचारत नव्हते."

मीटर हातातलं यंत्र वर करून म्हणाली, "मग आता विचारू या."

बाईंनी आभाळाकडे बघितलं. मीही बघितलं. सकाळपासून ढग भरून आले होते, मळक्या कापसासारखे. असल्या उजेडात मोजून उपयोग नाही, स्वच्छ ऊन हवं, भर दुपारचं.

"जुळ्याएवढा आकडा आला तर मी शनिवारी मुकाट्यानं व्यासपीठावर बसेन," बाई म्हणाल्या. "कमी आला तर त्याच व्यासपीठावरून सांगेन की मी चुकले, आणि ते मानपत्र परत देईन. न मोजता मात्र चढणार नाही. गेल्या वर्षी तब्येत बिघडली नव्हती माझी."

ता. १०, मंगळवार

ढग.

ते चाळलेलं सगळं पुसून काढलं. बाईंच्या सांगण्यावरून कोपऱ्यातलं पॅनेल सोडवून रांगेत आणलं, जुळ्याशेजारी, म्हणजे दोघांना एकाच कोनातून तेच ऊन मिळेल. रांगेत बसवल्यावर कळलं की दोघांच्या चौकटीही सारख्या आहेत.

मी विचार करतोय, त्या दिवशी पाणी सोडलं नसतं तर. बाई आपल्या भीतीत सुखी होत्या. अजून एक उन्हाळा गेला असता. आता कमी आकडा आला तर एका म्हाताऱ्या बाईचं सगळं आयुष्य मी एका दुपारी फडक्यानं पुसून टाकलं असं होईल. कॉलेजात निदान नुकसान माझं एकट्याचं होतं.

ता. ११, बुधवार

ढग. दुपारी थोडं ऊन पडलं, बाई जिन्यात येईपर्यंत गेलं.

संचालक वर आले. पॅनेलांकडे ढुंकूनही न बघता मला म्हणाले, "ते बाईंचं धुळीचं पॅनेल नीट दिसेल असं ठेव हं. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक आहे." आणि बाईंना म्हणाले, "बाई, जरा हसत जा शनिवारी, फोटो असतात." मी त्यांच्या दिशेनं एक पाऊल टाकलं असेल नसेल, मीटरनं मागून माझा सदरा धरला. घट्ट. ते जिना उतरून गेले तरी सोडला नाही. मला वाटतं ती विसरली.

बाई काही खात नाहीत. डबा तसाच परत जातो, मीटर सांगत होती.

ता. १२, गुरुवार

ऊन पडलं. सकाळपासून आभाळ असं निळं की बघवत नव्हतं. मी दहाच्या आतच दोन्ही काचा पुसून ठेवल्या, मग परत पुसल्या. मीटर म्हणाली, "आता पुसशील तर झिजेल."

भर दुपारी बाई वर आल्या आणि पहिल्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसल्या. "तुम्ही मोजा," म्हणाल्या. "मला आकडा सांगा. बघायला लावू नका."

मीटरनं आधी ऊन मोजलं. मग जुळ्याच्या तारा वीज मोजायच्या यंत्राला जोडल्या. आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मी सगळ्या ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींची शपथ घेतली की ह्यापुढं माणूस बोलत असताना नळी सुरू करणार नाही. तिनं जुळ्याचा आकडा तळहातावर लिहिला. मग तारा सोडवून दुसऱ्याला लावल्या.

आकडा चढत गेला. चढला, थांबला, परत किंचित चढला. मी तिच्या तळहाताकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं.

"काय झालं?" बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

मीटरनं यंत्र माझ्यापुढं धरलं. मीच वाचून दाखवला. मग जुळ्याचा. दोघांत फरक होता, पण इतका थोडा की दोन भावांत त्याहून जास्त असतो.

"परत," बाई म्हणाल्या.

परत मोजलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणून मोजलं. तारा अदलाबदल करून मोजलं. प्रत्येक वेळी तेच. बाई उठल्या नाहीत. त्यांच्या पाठीचा कणा मात्र थोडा थोडा सैल होत गेला, एखादं ओझं कुणी न विचारता उतरवून घ्यावं तसा. मग म्हणाल्या, "भूक लागली गं. काही आहे का?"

मीटरनं डबा दिला. त्यांनी तिथं पायरीवर बसून सगळा संपवला, माझा वाटासुद्धा. वर पाणी प्यायल्या. तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आता इकडे ये. इतके दिवस तुला ओरडायला माझ्यात त्राण नव्हतं." आणि मला असं झापलं की खालच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. दुसऱ्याच्या छतावर न विचारता हात लावतोस, कुणाचं ऐकून घेत नाहीस, चूक झाली तर वरून धूळ चाळतोस, चाळणी कुणाची होती, तीही न विचारता घेतलीस ना? मी हो म्हणालो. एरवी एवढं ऐकल्यावर मी काहीतरी आपटलं असतं. आज नुसता उभा राहिलो. जीव भांड्यात पडलेल्या माणसाला ओरडा लागत नाही.

शेवटी म्हणाल्या, "काढलं मात्र छान. एक ओरखडा नाही."

वहिनीला नवी चाळणी आणून दिली. घरात कुणीही काही विचारलं नाही, पण दादा जेवताना गुणगुणत होता. तोही बेसूर गातो.

ता. १४, शनिवार

सत्कार झाला. वहिनीनं दादालाही ओढून आणलं होतं, मागच्या रांगेत बसले होते.

मानपत्रात लिहिलेलं होतं की बाईंनी गेली वीसबावीस वर्षं एक पॅनेल न धुता जपून विज्ञानाची सेवा केली. संचालकांनी ते आवाज चढवून वाचलं. बाई उठल्या, मानपत्र घेतलं, आणि म्हणाल्या, "ह्यात एक दुरुस्ती आहे. ते धुतलं गेलं. मी नाही धुतलं, मला धीर नव्हता. चुकून धुतलं गेलं, आणि ते शाबूत निघालं. ज्यांच्या ज्यांच्या छतावर माझ्या सांगण्यावरून धूळ आहे त्यांनी आज शांत झोपावं. मीही झोपेन." संचालकांना काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवत राहिले. पुढं बसलेली एक म्हातारी, कुठल्यातरी दवाखान्याची जुनी परिचारिका म्हणे, रुमालात तोंड खुपसून रडत होती. माझं नाव बाईंनी घेतलं नाही. बरं केलं.

मग सगळे छतावर. सकाळीच संचालकांच्या हुकमावरून रांग सरळ करताना आम्ही पॅनेलं पुढंमागं केली होती. पाहुणे विचारायला लागले, कुठलं ते? बाई म्हणाल्या, "ओळखा." लोक चष्मे सावरून वाकले. एकानं काचेवर बोट फिरवून बघितलं, मी स्वतःला आवरलं. कुणाला ओळखता येईना. शेवटी संचालक ठामपणे पुढं आले, रांगेतल्या भलत्याच एका पॅनेलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे. ह्याचा रंगच वेगळा आहे." ते पॅनेल गेल्या वर्षी विकत आणलेलं आहे. छायाचित्रकारानं त्यांचा आणि बाईंचा तिथंच फोटो काढला. बाई मनापासून हसत होत्या, म्हणजे फोटो चांगला येईल.

दादा कठड्याशी उभा होता. रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग वहिनीकडे वळला, थांबला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "यातलं तू कुठलं धुतलंस?"

"सगळीच," मी म्हणालो.

"हं," दादा म्हणाला. आणि मग, "शिडी सरकत नाही ना आता?"

मी म्हणालो, नाही.

मीटरनं विचारलं, उद्या सुट्टी आहे, तुला काम आहे का? मी म्हणालो, बँकेचं छत. ती म्हणाली, "मी शिडी धरायला येते." तिला बँकेच्या पॅनेलांचे आकडे हवे असणार, संशोधनासाठी. हे मी वहिनीला सांगितलं तर ती इतकी हसली की दादानं तिला पाणी दिलं.

सगळे चहाला खाली गेल्यावर मी फडकी गोळा करत होतो. बाई परत वर आल्या, एकट्याच. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या दंडाला धरून रांगेपाशी नेलं.

"खरं सांग," हळू आवाजात म्हणाल्या, "कुठलं रे ते?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मग काढला, मग शेजारच्याकडे बघितलं, परत ह्याच्याकडे.

"मलाही नाही आलं ओळखता," बाई म्हणाल्या, आणि किती वेळ तिथंच उभ्या राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.